खाडीचं मॉडेल उडालं की आधी रफनेसला हात लावू नका

संगणकावर खाडीच्या पाण्याचं आणि गाळाचं मॉडेल चालवायला सोडलेलं असतं आणि रन अर्ध्यावर थांबतो. लॉग फाइलच्या शेवटी 'वॉटर लेव्हल चेंज टू हाय' असं काहीतरी लिहिलेलं असतं, नाहीतर कुठल्याशा एका सेलमध्ये, म्हणजे मॉडेलच्या जाळीतल्या एका घरात, पाणी सेकंदाला २० मीटर वेगाने धावताना दिसतं. नवीन माणूस अशा वेळी हमखास मॅनिंगचा आकडा, म्हणजे तळाचा खडबडीतपणा किंवा रफनेस, ०.०२ वरून ०.०३ वर नेतो, रन पुन्हा सोडतो, आणि आता तो शेवटपर्यंत जातो. काम झालं असं वाटतं. पण ही आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. घर्षण वाढवल्याने पाण्यातली खळबळ दबली, ती उठली कशाने हे तसंच राहिलं. शिवाय भरती आता खाडीत पूर्वीइतकी आत पोचत नाही, आणि वाळू किती वाहते याचा हिशेब दुपटी-चौपटीने चुकतो.

दाभोळ, भाट्ये, जैतापूर, देवबाग अशा एखाद्या ठिकाणचं गाळाचं मॉडेल पहिल्यांदाच उभं करणाऱ्यांसाठी पुढच्या पायऱ्या आहेत. प्रोग्रॅम डेल्फ्ट-थ्रीडी असो, टेलेमॅकचं गाया असो की माइक-२१, मेनूतली नावं बदलतात, दुखणी तीच असतात.

पायरी १: बिघाड पाण्यात आहे की तळात, ते आधी ठरवा

एकच मॉडेल तीन वेळा चालवा. पहिल्या रनमध्ये फक्त पाणी, गाळ पूर्ण बंद. दुसऱ्यात गाळ चालू, पण तळाची पातळी गोठवलेली. म्हणजे वाळू वाहील, तळ खालीवर होणार नाही. तिसऱ्यात तळ मोकळा. पहिलाच रन उडाला तर वाळूच्या सूत्रात डोकं घालण्यात अर्थ नाही. तिसराच उडाला तर पाण्याच्या सीमा तपासत बसू नका.

रन उडाला तो सेल नकाशावर शोधा. शेवटच्या क्षणाचा नव्हे, त्याच्या थोडा आधीचा. शेवटी सगळंच लाल दिसतं. म्हणून निकाल साठवण्याचं अंतर तेवढ्यापुरतं मिनिटा-दोन मिनिटांवर आणा. कोकणातल्या खाड्यांत हा सेल बहुतेक वेळा चारपैकी एका जागी सापडतो: समुद्राकडच्या सीमेचा कोपरा, डोंगराची सोंड थेट पाण्यात उतरते तिथला उभा कडा, ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची भाटी, किंवा नदी मॉडेलमध्ये शिरते ती जागा.

पायरी २: नुसतं पाणी नीट वाहू द्या

सर्वात आधी खोलीचे आकडे. समुद्राचा चार्ट खोली देतो ती चार्ट डेटमपासून (साधारण सर्वात खालच्या ओहोटीची पातळी), जमिनीवरचा सर्व्हे पातळी देतो ती सरासरी समुद्रपातळीपासून. रत्नागिरीसारख्या ठिकाणी या दोहोंत मीटरभराहून अधिक फरक असतो. दोन्ही आकडे न बदलता एकत्र केले की खाडीच्या मुखावर, दोन सर्व्हे जुळतात त्या रेषेवर, पाण्याखाली एक पायरी तयार होते. मॉडेल तिथे उडतं, किंवा न उडता त्या पायरीवरची वाळू दोन दिवसांत खरवडून काढतं आणि आपण त्याला 'मुखाजवळची धूप' म्हणून अहवालात लिहून मोकळे होतो.

मोजणी कधीची आहे तेही फाइलच्या नावातच लिहा. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, मुखावर लाटा फुटत असतात, होडी घेऊन कुणी मोजायला जात नाही. त्यामुळे हाती येतो तो बहुधा उन्हाळ्यातला तळ. त्याच्यावर जुलैचा पूर सोडायला हरकत नाही, पण निकाल ताडायला पावसानंतरची मोजणी लागते.

आता टाइमस्टेप, म्हणजे मॉडेल एका पावलात किती काळ पुढे जातं ते. उथळ पाण्यात भरतीची लाट 'गुरुत्वाकर्षण गुणिले खोली' याच्या वर्गमुळाइतक्या वेगाने जाते. २० मीटर खोलीवर हा वेग सेकंदाला सुमारे १४ मीटर. सेल २५ मीटरचा असेल तर लाट तो १.८ सेकंदांत ओलांडते. एक्स्प्लिसिट पद्धतीच्या मॉडेलला (पुढचं पाऊल फक्त मागच्या आकड्यांवरून काढणाऱ्या) याहून लहान पाऊल लागतं. डेल्फ्ट-थ्रीडीसारखं इम्प्लिसिट मॉडेल (पुढच्या क्षणाचे आकडे समीकरणातच धरून सोडवणारं) मोठ्या पावलानेही उडत नाही, पण कूरंट आकडा (एका पावलात लाट किती सेल ओलांडते तो) साधारण १० च्या आत ठेवला नाही तर अरुंद, वळणदार खाडीत भरतीची वेळच चुकते. इथे १५ सेकंदांनी तो ८ च्या आसपास येतो. तिथून सुरुवात करा. डेल्फ्ट-थ्रीडीत टाइमस्टेप मिनिटांत लिहायचा असतो. सेकंद समजून १५ लिहिणारे दरवर्षी भेटतात.

सुरुवात शांत करा. पहिल्या मिनिटाला उधाणाची भरती आणि नदीला पूर असं एकदम दिलं की पाण्याला धक्का बसतो. सीमेवरची भरती काही तासांत हळूहळू वाढवत पूर्ण उंचीला न्या, नदीचा प्रवाहही तसाच. नदीचा आकडा भरताना थोडं थांबून विचार करा. कोकणातल्या बऱ्याच नद्या मेमध्ये आटतात, म्हणून शून्याजवळचा प्रवाह चालून जातो. वाशिष्ठीला तो चालत नाही, कारण कोयनेचं वीज तयार करून सोडलेलं पाणी वर्षभर तिच्यात येतं. दाभोळ खाडीच्या उन्हाळी रनमध्ये नदी बंद ठेवलीत तर खारटपणा आणि गाळ दोन्ही भलतीकडे जातील.

पायरी ३: रफनेस पाण्याच्या मोजणीवरून ठरवा

रफनेस तीन भाषांत लिहिला जातो: मॅनिंगचा एन, शेझीचा सी आणि निकुराड्झेची खडबडीतपणाची उंची, केएस. पहिल्या आणि तिसऱ्यात आकडा वाढला की घर्षण वाढतं, शेझीत मात्र उलटं. तिन्ही एकमेकांत बदलता आले पाहिजेत:

शेझी = खोलीचं सहावं मूळ ÷ मॅनिंग
शेझी = १८ × लॉग (१२ × खोली ÷ केएस), लॉग दहाच्या पायावरचा

मॅनिंग ०.०२ आणि खोली ५ मीटर असेल तर शेझी सुमारे ६५ येतो. केएसच्या भाषेत दीड सेंटिमीटर. डेल्फ्ट-थ्रीडीत काहीच न बदलता पुढे गेलात तर हाच ६५ सगळीकडे लागतो. पण तोच मॅनिंग ०.०२ घेऊन २० मीटर खोलीवर शेझी ८२ येतो आणि २० सेंटिमीटर पाण्यावर ३८. म्हणजे सगळीकडे शेझी ६५ ठेवलात तर भाटीवरचं पातळ पाणी खऱ्यापेक्षा फार सहज सरकतं. मोठी भरती-ओहोटी आणि उघड्या पडणाऱ्या भाट्या असतील तिथे नवशिक्याने मॅनिंगपासूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. खोलीबरोबर घर्षण बदलण्याचं काम तो आपोआप करतो.

खाडीच्या मुख्य पात्रासाठी ०.०२ ते ०.०२५ ही सुरुवात ठीक. मग भरतीच्या पातळीशी ताडा, आणि त्यासाठी निदान दोन जागा हव्यात: एक मुखाजवळ, एक बरीच आत. फक्त मुखाजवळ ताडून काही कळत नाही, तिथे सीमेवर दिलेली भरतीच जशीच्या तशी दिसते. आतल्या जागी दोन गोष्टी बघायच्या, भरतीची उंची आणि तिची वेळ. प्रत्यक्षातली भरती मॉडेलपेक्षा उशिरा पोचत असेल आणि उंचीलाही कमी असेल तर घर्षण वाढवा. उशिरा पोचते पण उंची बरोबर आहे, असं असेल तर घर्षणाला हात न लावता खोली आणि पात्राची रुंदी तपासा. हे उधाणाला आणि भांगाला (सर्वात लहान भरतीच्या दिवसांत), दोन्ही वेळा करून बघा. एकाला जुळतं आणि दुसऱ्याला नाही, तर बहुधा भाट्यांची उंची चुकलेली असते.

आकडे जुळवायला मॅनिंग ०.०१५ च्या खाली किंवा ०.०३५ च्या वर न्यावा लागत असेल तर थांबा. पात्राचा तळ इतका गुळगुळीत किंवा इतका खडबडीत क्वचितच असतो. चूक दुसरीकडे आहे आणि रफनेस ती झाकतोय.

पायरी ४: पाण्याला लागणारं घर्षण वेगळं, वाळूला लागणारं वेगळं

सर्वात जास्त रन इथे बिघडतात, आणि क्रॅश न होता बिघडतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

वाळूच्या तळावर छोट्या लहरी असतात, ओहोटीला पुळणीवर पायाला लागतात तशाच. पाणी त्यांना अडखळतं, त्यांच्यामागे भोवरे होतात, आणि पाण्याचा बराचसा जोर त्या भोवऱ्यांत खर्च होतो. प्रत्यक्ष कणाला ओढणारा जोर त्यातला एक भागच असतो. पाण्याची पातळी जुळवून ठरवलेला रफनेस हा दोहोंची बेरीज आहे. तोच पूर्ण ताण (तळाच्या दर चौरस मीटरवरचा जोर) वाळूच्या सूत्राला दिलात तर वाळू फार वाहते.

आकडे घालून बघू. खोली ५ मीटर, वाळूचा मधला कण ०.२ मिलिमीटर, लहरींसकट केएस ५ सेंटिमीटर. एकूण शेझी येतो ५५. नुसत्या कणांसाठी केएस म्हणून कणाच्या अडीचपट, म्हणजे अर्धा मिलिमीटर घेतला तर शेझी येतो ९१. ताण शेझीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून कणावरचा ताण एकूण ताणाच्या सुमारे ३७ टक्के. आता मायर-पेटर आणि म्युलर यांच्या १९४८ च्या सूत्रात वाहतूक ताणाच्या दीड घाताने वाढते. ०.३७ चा दीड घात ०.२२. थोडक्यात, ही वजावट विसरलात तर वाळू चार-पाच पट जास्त. उंबरठ्याचा ताणही (कण हलायला लागणारा किमान ताण) त्या सूत्रात असतो, म्हणून प्रवाह मंद असताना ही चूक याहून मोठी होते. ०.२ मिलिमीटर वाळू हलायला दर चौरस मीटरला साधारण ०.१५ न्यूटन ताण पुरतो.

तेव्हा तुमच्या प्रोग्रॅममध्ये ही वजावट कुठे होते ते मॅन्युअलमध्ये शोधा. गायामध्ये 'स्किन फ्रिक्शन करेक्शन' नावाचाच पर्याय आहे. व्हॅन राइनची सूत्रं कणावरचा ताण स्वतःच वेगळा काढतात, तिथे वरून आणखी गुणांक लावलात तर दुहेरी वजावट होईल. एंगेलुंड-हान्सेनच्या १९६७ च्या सूत्रात अशी वजावट नसते. एकूण वाहतूक थेट वेगाच्या पाचव्या घातावर आणि शेझीच्या व्यस्त घनावर बसवलेली आहे. त्यामुळे वेग तोच ठेवून शेझी ६५ चा ५० केलात तर वाळू २.२ पट होते. लेखाच्या सुरुवातीचा माणूस आठवा: रन टिकावा म्हणून त्याने घर्षण वाढवलं आणि नकळत वाळूचा नळ मोठा केला. प्रत्यक्षात घर्षणाने वेगही कमी होतो, म्हणून निव्वळ परिणाम कुठे वाढ, कुठे घट असा विस्कळीत येतो, आणि तो बघून काहीच उमगत नाही.

चिखलाचं गणित निराळं आहे. तिथे बहुधा एकूण ताणच सूत्रात जातो आणि धूप सुरू होण्याचा उंबरठा आपण देतो, साधारण ०.१ ते १ न्यूटन प्रति चौरस मीटर. हा पल्ला दहापट रुंद आहे. तो पाण्यातल्या गाळाच्या मोजणीवरूनच बसवावा लागतो, आणि रफनेस बदलला की पुन्हा बसवावा लागतो. म्हणूनच आधी रफनेस कायम करायचा आणि मगच चिखलाकडे वळायचं.

पायरी ५: कांदळवनाला नुसता मॅनिंग वाढवून भागत नाही

कांदळवनात पाणी मंदावतं, म्हणून तिथे मॅनिंग ०.१२ द्यायचा, हा सल्ला नुसत्या पुराच्या मॉडेलमध्ये ठीक आहे. गाळाच्या मॉडेलमध्ये तो घात करतो. एक मीटर पाणी, वेग सेकंदाला २० सेंटिमीटर. मॅनिंग ०.१२ धरून तळावरचा ताण येतो ५.८ न्यूटन प्रति चौरस मीटर, ०.०२ धरून ०.१६. पहिल्या आकड्याला चिखल टिकणारच नाही. मॉडेल कांदळवनातला गाळ खरवडून पात्रात आणून टाकतं, जेव्हा खरी तिवरं आणि चिपी नेमका उलटा उद्योग करत असतात.

खरा विरोध खोडांचा आणि मुळांचा असतो, तळाचा नव्हे. झाडांचा विरोध वेगळा लिहिण्याची सोय बहुतेक प्रोग्रॅममध्ये आहे. बॅप्टिस्टचं सूत्र त्यासाठीच आहे, डेल्फ्ट-थ्रीडीत ते ट्रॅकिटोप्स नावाच्या सोयीतून देता येतं. दर चौरस मीटरला किती खोडं आणि त्यांची जाडी किती, हे दोन आकडे जागेवर जाऊन मोजा. त्यानंतरही 'तळावरचा ताण' हा निकाल नकाशावर काढून बघा. कांदळवनात तो पात्रापेक्षा जास्त दिसला तर सोय नीट लागलेली नाही.

पायरी ६: पातळ पाणी

ओहोटीला भाटीवरून शेवटचं पाणी उतरतं तेव्हा गणितातले बरेच छेद शून्याकडे सरकतात. मॅनिंग ०.०३, पाणी ५ सेंटिमीटर, वेग सेकंदाला १ मीटर धरा. घर्षण दर सेकंदाला वेगाचा जवळपास निम्मा भाग खातं. टाइमस्टेप ५ सेकंदांचा असेल आणि घर्षण एक्स्प्लिसिट पद्धतीने मोजलं जात असेल, तर एका पावलात वेगाच्या सुमारे अडीचपट वजा होतात, म्हणजे पाणी उलट दिशेला फिरतं आणि आधीपेक्षा जोरात. पुढच्या पावलात पुन्हा उलट. उपाय दोनच: घर्षण इम्प्लिसिट करणं किंवा पाऊल लहान करणं. इथे मॅनिंग वाढवलात तर आगीत तेल.

ओला-सुका ठरवणारी खोली ५ ते १० सेंटिमीटर ठेवा. गाळाची गणितं थांबवणारी खोली तिच्याइतकी किंवा थोडी जास्त ठेवा, कमी कधीच नाही. थ्रीडी रन असेल तर आणखी एक तपासणी आहे. १० सेंटिमीटर पाण्यात दहा थर केले की सर्वात खालच्या थराचा मध्य तळापासून ५ मिलिमीटरवर येतो. केएस २० सेंटिमीटर दिला असेल तर त्याचा तिसावा भाग, जिथे लॉग सूत्रातला वेग शून्य धरतात ती उंची, सुमारे पावणेसात मिलिमीटर. थराचा मध्य त्या उंचीच्याही खाली गेला. लॉग उणे, वेग बेताल.

पायरी ७: आता तळ मोकळा करा

तळाची पातळी बदलते ती एक्सनरच्या समीकरणाने: आलेली वाळू वजा गेलेली वाळू. समीकरण साधं आहे, त्याचे चाळे मात्र बरेच.

तळ बुद्धिबळाच्या पटासारखा दिसायला लागला, एक सेल वर, शेजारचा खाली, तर ते वाळूचे डोंगर नव्हेत. खऱ्या लहरीची लांबी सेल बदलला तरी तीच राहते. खोट्या लहरीची लांबी कायम दोन सेल. ग्रिड, म्हणजे सेलची जाळी, बारीक करून बघितलं की लगेच ओळखता येते. तळासाठी अपविंड पद्धत (प्रवाह येतो त्या बाजूच्या सेलचे आकडे घेणारी) चालू आहे ना ते बघा, मग उताराचा परिणाम. डेल्फ्ट-थ्रीडीत आडव्या उताराचा गुणांक मुळात १.५ असतो, दीर्घ रनमध्ये तो अनेकदा बराच वाढवावा लागतो, नाहीतर खाडीत एकेका सेलच्या रुंदीचे खोल खंदक पडतात. काठ ढासळण्याची सोय बंद असेल तरी असेच खंदक पडतात: पाण्यातला सेल खोल होत जातो, शेजारचा कोरडा सेल भिंतीसारखा उभा. देवबागसारख्या, एका बाजूला कर्ली नदी आणि दुसरीकडे समुद्र असलेल्या चिंचोळ्या वाळूच्या पट्टीवर ही सोय बंद ठेवून काढलेला निकाल निरुपयोगी आहे.

मॉर्फॉलॉजिकल फॅक्टर, म्हणजे तळाचा बदल दर पावलाला इतक्या पटीने मोजायचा हा आकडा, नवशिक्यांना फार मोह घालतो. भांग-उधाणाचं एक चक्र १४.७७ दिवसांचं. २५ ने गुणलं की वर्ष झालं, असा सोपा हिशेब असतो. कोकणात तो लागू पडत नाही, कारण चार महिन्यांचा पावसाळा आणि उरलेले आठ महिने यांत काहीच साम्य नाही. पावसाळ्याच्या लाटा आणि नदी घेऊन एक चक्र ८ च्या फॅक्टरने, कोरड्या ऋतूचं एक चक्र १६ ने, असं वेगळं चालवा. मिळून वर्ष जवळपास भरतं. पूर यात घालू नका. ३ दिवसांचा पूर ८ ने गुणला की मॉडेलच्या लेखी २४ दिवसांचा पूर झाला. पुराच्या काळापुरता फॅक्टर १ करा.

फॅक्टर किती चालेल याची झटपट चाचणी अशी: एका पावलात कुठल्याही सेलचा तळ तिथल्या खोलीच्या ५ टक्क्यांहून जास्त हलता कामा नये. पाणी ३० सेंटिमीटर असेल तर दीड सेंटिमीटर. पहिला बळी नेहमी भाटीच्या कडेला जातो.

वाळूची जाडी हा खास कोकणी प्रश्न आहे. आपल्याकडे खाडीच्या मुखाशी बहुतेक कातळ आहे, कुठे काळा, कुठे जांभ्याच्या सोंडेखालचा. सगळीकडे ५ मीटर वाळू अशी एकच किंमत टाकली की मॉडेल कातळ कोरत जातं. कातळाच्या सेलमध्ये वाळूची जाडी शून्य करा. कुठे कातळ आणि कुठे पुळण, हे राजिवड्याच्या किंवा दाभोळच्या एखाद्या जुन्या तांडेलाला विचारलंत तर चार्टपेक्षा नेमकं सांगेल. नांगर कुठे धरतो आणि कुठे घसरतो हे त्याला पाठ असतं.

सीमेवर, पहिल्या दोन-चार सेलमध्ये, मोठा खड्डा किंवा ढीग दिसला तर येणाऱ्या वाळूचा आकडा आणि तिथल्या प्रवाहाची कुवत जुळत नाही. वाळूला सीमेवर समतोल प्रमाण (तिथला प्रवाह वाहून नेऊ शकेल तेवढंच) द्या, चिखलाला मोजलेलं प्रमाण. भरतीचं निदान एक पूर्ण चक्र, १२ तास २५ मिनिटं, उलटेपर्यंत तळाचे बदल सुरूच करू नका.

लाटा सर्वात शेवटी जोडा. पावसाळ्यात किनाऱ्यासमोर त्या ३ मीटरच्या वर जातात, मुखावर फुटतात, आणि प्रवाहाला जाणवणारा रफनेस स्वतःच वाढवतात. त्यामुळे कोरड्या ऋतूत ठरवलेला मॅनिंग तसाच ठेवून लाटा जोडायच्या. लाटा आल्यावर आतली भरती पुन्हा ताडा, कारण मुखावरचं घर्षण आता दोन ठिकाणांहून येतंय.

शेवटची चाचणी प्रत्येक रनला करायची. टाइमस्टेप निम्मा करून एक रन, फॅक्टर निम्मा करून आणि काळ दुप्पट करून दुसरा. मूळ रनशी त्यांच्या तळाच्या फरकाचे नकाशे काढा. फरक तळाच्या एकूण बदलाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी असेल तर पुढे जा. जास्त असेल तर तो कुठल्या सेलमध्ये आहे ते बघा: भाटीवर असेल तर सहावी पायरी, मुखावर किंवा सीमेवर असेल तर सातवी.